लहान पडदा आणि एकच संहिता : व्यापारी संकेतस्थळांच्या रूपांतराचा इतिहास

संहिता आणि पृष्ठ यांचा परस्परसंबंध हा लेखनाच्या इतिहासातील जुना प्रश्न होय. हस्तलिखितांच्या काळी एकच ग्रंथ रुंद पत्रांच्या पोथीत आणि जवळ बाळगावयाच्या गुटक्यातही उतरविला जाई. गुटक्याचे पान लहान म्हणून लेखनिक ओळी आखूड करी; ग्रंथ आखूड करणे हे सामान्यतः त्याचे काम नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस भ्रमणध्वनीच्या पडद्याने हाच प्रश्न नव्या स्वरूपात उपस्थित केला. मोठ्या पडद्यासाठी रचलेले पेढीचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ तळहाताएवढ्या जागेत कसे वाचता यावे, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा क्रम पाहिला असता असे दिसून येते की, लहान पडद्यासाठी निराळी संहिता निर्माण करणारे मार्ग एकामागून एक मागे पडले आणि एकाच संहितेला पृष्ठाप्रमाणे वळण देणारा मार्ग टिकला.

पहिला संघटित प्रयत्न १९९७ चा. त्या वर्षी एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी ‘वॅप फोरम’ स्थापन केला. या व्यवस्थेतील मजकूर ‘डब्ल्यूएमएल’ या स्वतंत्र चिन्हभाषेत लिहावा लागे. पत्त्यांच्या जोडाप्रमाणे त्याचे लहान लहान तुकडे करून एका वेळी एकच तुकडा दाखविण्यात येई. १९९९ मध्ये नोकिया ७११० हा या पद्धतीचा भ्रमणध्वनी बाजारात आला. तथापि व्यापाऱ्याला आपले संकेतस्थळ दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावे लागत होते आणि ग्राहकाला मंद गतीने थोडाच मजकूर मिळत होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने ‘आय-मोड’ सेवा सुरू केली. तिची चिन्हभाषा प्रचलित एचटीएमएलचेच संक्षिप्त रूप असल्यामुळे संकेतस्थळे रचणाऱ्यांना ती परकी वाटली नाही. आकार जोडणीच्या कालावधीवर नसून पाठविलेल्या माहितीच्या प्रमाणावर होता. शिवाय अधिकृत संकेतस्थळांचे शुल्क दूरध्वनीच्या देयकातूनच वसूल करून कंपनी त्यातील ९ टक्के दलाली घेई. ही सेवा जपानमध्ये फोफावली. परंतु तिचे यश बव्हंशी त्या देशापुरतेच राहिले.

जून २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या आयफोनने प्रश्नाचे स्वरूप पालटले. त्याचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलांचा होता. पण त्यातील ब्राउझर पृष्ठाची रुंदी ९८० पिक्सेल मानून संपूर्ण पृष्ठ मांडी आणि मग ते आकसून दाखवी. पृष्ठ पुरते दिसे, मात्र बोटांनी मोठे केल्याखेरीज वाचता येत नसे. यावर अनेक व्यापारी संस्थांनी निराळ्या पत्त्यावर स्वतंत्र मोबाइल आवृत्ती ठेवण्याचा उपाय योजला. एका ग्रंथाच्या दोन प्रती स्वतंत्रपणे वाढू लागल्या म्हणजे पाठभेद उत्पन्न होतात, हा संहिताशास्त्राचा अनुभव येथेही लागू पडतो. एका आवृत्तीत बदललेली किंमत दुसरीत जुनीच राहण्याचा आणि परतीच्या अटींसारखा मजकूर लहान आवृत्तीतून गळण्याचा धोका या व्यवस्थेच्या मुळाशीच होता.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख प्रसिद्ध झाला. प्रमाणांत बांधलेली लवचिक चौकट, तिच्यासह आकसणारी चित्रे आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलणारे नियम, ही त्यातील त्रिसूत्री होय. संहिता एकच; बदलते ती मांडणी. २०११ मध्ये ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी ‘मोबाइल फर्स्ट’ या पुस्तकात रचनेचा आरंभच लहान पडद्यापासून करावा, असे प्रतिपादन केले. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने भ्रमणध्वनीवरील शोधात सुवाच्य पृष्ठांना अग्रक्रम दिला, तेव्हा ही केवळ सौंदर्याची बाब न राहता व्यापाराची गरज बनली.

भारतातील अनुभवही याच दिशेचा आहे. मार्च २०१५ मध्ये फ्लिपकार्टने आपले मोबाइल संकेतस्थळ बंद करून त्या ग्राहकांना ॲपकडे वळविले. मे महिन्यात मिंत्राने संकेतस्थळच बंद केले. परंतु नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ या रूपाने पहिल्या कंपनीला ब्राउझरकडे परतावे लागले, आणि जून २०१६ पर्यंत मिंत्राचे संकेतस्थळही पुन्हा सुरू झाले. ॲपसाठी साठवणुकीची जागा लागते, आणि स्वस्त भ्रमणध्वनीत नेमकी तीच अपुरी असते.

देवनागरीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि अक्षराखाली उकार येत असल्यामुळे रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर मराठीस अपुरे पडते. सामासिक शब्द लांब असल्याने अरुंद रकान्यात ओळीही विषम तुटतात. म्हणून इंग्रजी मांडणीत मराठी मजकूर नुसता भरल्याने संकेतस्थळ मराठी वाचकासाठी सिद्ध होत नाही.

२०१८ च्या जागतिक सुलभता-निकषांत ३२० पिक्सेलांच्या रुंदीतही सामान्य मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, अशी अपेक्षा नमूद झाली. तीत या साऱ्या इतिहासाचे सार आहे. ज्याच्याजवळ भ्रमणध्वनीखेरीज दुसरे यंत्र नाही, त्याच्या दृष्टीने लहान पडद्यावरील पृष्ठ ही दुय्यम आवृत्ती नसून तेच मूळ संकेतस्थळ होय. त्यातून गळलेली अट त्याच्यासाठी लिहिलीच गेलेली नसते. आणि वाचता न आलेल्या अटीचा भुर्दंड मात्र त्यालाच सोसावा लागतो.