चुचो वाल्देस

दियोनिसियो हेसूस वाल्देस रोद्रिगेस ऊर्फ चुचो वाल्देस (जन्म : ९ ऑक्टोबर १९४१, किविकान, क्युबा) हे क्युबन पियानोवादक, संगीतकार, संगीतसंयोजक व वाद्यवृंदप्रमुख आहेत. आफ्रिकी वंशाच्या क्युबन समाजाचे धार्मिक तालसंगीत, क्युबातील नृत्यसंगीत आणि आधुनिक जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या कलावंतांत त्यांना अग्रगण्य स्थान आहे. १९७३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘इराकेरे’ या वाद्यवृंदाने लॅटिन जॅझला नवे वळण दिले.

बालपण व शिक्षण

चुचो यांचे वडील बेबो वाल्देस हे हवानातील ‘ट्रोपिकाना’ या विख्यात नाइट क्लबमध्ये पियानोवादक व संगीतसंयोजक होते. आई पिलार रोद्रिगेस या गायिका व पियानोशिक्षिका होत्या. पिता-पुत्रांचा जन्म एकाच गावी व एकाच तारखेस, ९ ऑक्टोबरला झाला. चुचो यांनी हवानाच्या महापालिका संगीतविद्यालयात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण घेतले. किशोरवयातच ते वडिलांच्या ‘साबोर दे कुबा’ या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागले.

१९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली. ऑक्टोबर १९६० मध्ये बेबो यांनी देश सोडला आणि पुढे ते स्टॉकहोममध्ये स्थायिक झाले. चुचो मात्र आईसह क्युबातच राहिले. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षांचे होते.

बाता आणि जॅझ

क्रांतीनंतरच्या काळात जॅझकडे अमेरिकेचे संगीत म्हणून संशयाने पाहिले जात असे. तरीही १९६७ मध्ये ‘ओर्केस्ता कुबाना दे मूसिका मोदेर्ना’ हा शासकीय वाद्यवृंद स्थापन झाला आणि चुचो यांच्यासह अनेक तरुण वादकांना त्यात संधी मिळाली. १९७० मध्ये चुचो यांच्या पंचकाने पोलंडमधील ‘जॅझ जंबोरी’ महोत्सवात वादन केले.

१९७२ च्या ‘जॅझ बाता’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी जॅझमधील नेहमीचा ड्रमसंच वगळला व पियानो आणि बास यांच्या साथीला बाता हे वाद्य घेतले. बाता म्हणजे लहानमोठ्या तीन ढोलांचा संच. पखवाजाप्रमाणे ढोल मांडीवर आडवा ठेवून त्याच्या दोन्ही तोंडांवर वाजवतात. गुलाम म्हणून क्युबात आणल्या गेलेल्या पश्चिम आफ्रिकेतील योरूबा लोकांनी ही वादनपरंपरा आपल्यासोबत आणली आणि ‘सान्तेरिया’ पंथाच्या उपासनेत ती टिकून राहिली. उपासनेतील हे वाद्य चुचो यांनी जॅझमध्ये साथीच्या केंद्रस्थानी आणले.

इराकेरे

‘इराकेरे’ हा योरूबा भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘अरण्य’ असा होतो. विद्युत् गिटार, पितळी सुषिर वाद्ये आणि बाता यांचा एकत्रित वापर हे या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य होते. नृत्यसंगीताच्या रूपाने तो सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. त्या संगीतात जॅझची स्वरसंगती व उत्स्फूर्त वादन गुंफलेले असे.

१९७८ मध्ये इराकेरेचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाला. या दौऱ्यात चुचो यांची वडिलांशी १८ वर्षांनी भेट झाली. त्या वर्षीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांवर आधारित ‘इराकेरे’ या ध्वनिमुद्रिकेस पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सान्तेरियाच्या विधींवर आधारलेली ‘मिसा नेग्रा’ ही चुचो यांची दीर्घ रचना या ध्वनिमुद्रिकेत आहे.

इराकेरेतील सॅक्सोफोनवादक पाकितो दे रिवेरा यांनी १९८० मध्ये क्युबा सोडला. १९८१ मध्ये वाद्यवृंद सोडलेले ट्रम्पेटवादक आर्तुरो सान्दोव्हाल यांनीही १९९० मध्ये देशत्याग केला. चुचो यांनी नवे वादक घेऊन वाद्यवृंद चालू ठेवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकलवादन व लहान वाद्यसमूहांवर अधिक भर दिला.

वादनशैली

क्युबन संगीताचा पाया ‘क्लावे’ या पाच आघातांच्या आकृतिबंधात आहे. त्याच्या एका भागात तीन व दुसऱ्या भागात दोन आघात येतात, आणि इतर सर्व वाद्यांना त्याचे भान राखावे लागते. चुचो यांच्या वादनात डावा हात बहुधा पुनरावृत्त लयबद्ध आकृती धरून ठेवतो आणि उजवा हात तिच्याशी झुंजत मुक्त स्वरविस्तार करतो. त्यामुळे पियानो हे एकाच वेळी स्वरवाद्य व तालवाद्य ठरते. आर्ट टेटम, बिल इव्हान्स व मकॉय टायनर या अमेरिकन जॅझ पियानोवादकांचा, तसेच पाश्चात्त्य अभिजात संगीताचा प्रभाव त्यांच्या वादनात जाणवतो.

पितापुत्रांचे सहवादन

फेर्नान्दो त्रुएबा दिग्दर्शित ‘काये ५४’ (२०००) या लॅटिन जॅझवरील माहितीपटात बेबो व चुचो यांनी दोन पियानोंवर एर्नेस्तो लेकुओना यांची ‘ला कोम्पार्सा’ ही रचना वाजवली. २००८ मध्ये दोघांची ‘हुंतोस पारा सिएम्प्रे’ (अर्थ : कायम एकत्र) ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि २०१० मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बेबो यांचे २२ मार्च २०१३ रोजी स्टॉकहोम येथे निधन झाले.

पुरस्कार व सन्मान

चुचो यांना अनेक ग्रॅमी पुरस्कार मिळाले आहेत. ‘लाइव्ह ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, ‘चुचोज स्टेप्स’ व ‘ट्रिब्यूट टू इराकेरे’ या त्यांच्या ग्रॅमीप्राप्त ध्वनिमुद्रिका होत. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यांची सदिच्छादूत म्हणून नेमणूक केली. २०२५ साठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने ‘जॅझ मास्टर’ या सन्मानासाठी त्यांची निवड केली. ज्या देशात क्युबन वादकांना प्रवेश मिळणे दीर्घकाळ दुष्कर होते, त्याच देशाने जॅझमधील आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला.