पाचारण कुठून येतं? नगर जिल्ह्याची शंभर वर्षं

कॅथलिक घरातला मुलगा म्हणाला, ‘मला फादर व्हायचंय’, तर त्याला ‘पाचारण’ झालं असं म्हणतात. पाचारण म्हणजे देवाची हाक. हाक देवाची असेल, पण ती ऐकून निघालेल्या पोराला वाटेत काय काय लागतं, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे.

नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइटांचं काम १८७८च्या सुमारास राहुरी तालुक्यातल्या केंदळला सुरू झालं. भारतीयांचे धर्मगुरू भारतीयच हवेत, हा विचारही काही उशिरा आला नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये त्यासाठीच सिलोनात कँडीला सेमिनरी काढली. पण कुठे केंदळ आणि कुठे कँडी!

मग १९१४चं युद्ध आलं. जर्मन फादर ब्रिटिशांच्या लेखी शत्रूचे नागरिक ठरले. गंमत बघा, जर्मन कैद्यांची मोठी छावणी नगरलाच होती. पुण्याचे जर्मन बिशप डोरिंग यांची तर १९२१ मध्ये जपानात हिरोशिमाला नेमणूक झाली. ते १९२७ मध्ये पुण्याला परतले. धर्मगुरू बाहेरून आणायचे, तर एका युद्धात सगळी घडी विस्कटते, हे उघड झालं. १९१९ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी स्थानिक धर्मगुरू तयार करण्यावर पुन्हा भर दिला.

तरी वेळ लागलाच. का? इथले बहुतेक नवख्रिस्ती दलित, भूमिहीन घरांतले. सेमिनरीत जायचं तर आधी शाळा हवी, मग इंग्रजी, मग लॅटिन आणि पुढे कित्येक वर्षांचा अभ्यास. तेवढी वर्षं घरातला एक कमावता हात कमी. म्हणून मला वाटतं, पाचारणाला खरं बळ नुसत्या प्रवचनानं मिळालं नाही. ते गावच्या शाळेनं आणि बोर्डिंगनं दिलं.

पुण्याला १९४९ मध्ये अँड्र्यू डिसोझा हे भारतीय बिशप मिळाले. कँडीची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत झाला, नगर जिल्हा त्यात गेला आणि पहिले बिशप झाले थॉमस भालेराव, मराठी आडनावाचे जेझुइट. केंदळपासून इथवर यायला शंभरेक वर्षं लागली.

१९६४ पासून दरवर्षी ईस्टरच्या चौथ्या रविवारी पाचारणासाठी जगभर प्रार्थना होते. ती व्हावीच. पण त्याच दिवशी, दहावीनंतर शाळा सुटलेली आपल्या गावातली पोरं किती, हेही एकदा मोजावं.