पाय उशिरा का पोचतो?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाहुणेरावळे, मग दिवाळी. असो.

दिवाळीत नातू पुण्याहून साक्रीला आला तो बगलेत एक गुंडाळी घेऊन. मला वाटलं, योगासनांची चटई असेल. ओट्यावर उलगडली तर तिच्यावर चार मोठे बाण: वर, खाली, डावा, उजवा. कोपऱ्यातून एक लांबलचक वायर. ती लॅपटॉपला जोडली, गाणं सुरू झालं, पडद्यावर खालून वर बाण सरकायला लागले आणि पोरगं चटईवर उड्या मारायला लागलं. बाण वरच्या खुणेवर पोचला की त्याच क्षणी चटईवरचा तोच बाण पायाने दाबायचा, असा खेळ. सौ. आतून ओरडली, "काय करी ऱ्हायना रे? जपीसन, पाय मुरगळी जाई!"

हाच खेळ कीबोर्डवरही खेळता येतो. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही टायपिंग शिकलात ना? बसा." बसलो. सगळ्यात सोपं गाणं लावलं त्याने, पण मी पंधरा-वीस मिनिटांत ते जवळजवळ न चुकता पार केलं. फुशारून म्हटलं, आता चटई. मंडळी, तेच गाणं, तेच बाण, आणि अर्धेही जमले नाहीत! गुडघे सत्तरीचे आहेत हे मान्य. पण चूक गुडघ्याची नव्हती. बाण दिसत होता, ताल कळत होता, आणि तरी पाय प्रत्येक वेळी उशिरा पोचत होता.

मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. म्हणून हे टिपण.

आधी थोडा इतिहास. पायाने दाबायची चटई जपानात १९८६ मध्येच आली होती, बांदाई कंपनीची, पण ती मुख्यतः धावण्या-उड्यांच्या खेळांसाठी. तालावर बटणं दाबायचा 'पॅराप्पा द रॅपर' १९९६ चा, तोही जपानचाच. १९९७ मध्ये कोनामी कंपनीने 'बीटमेनिया' काढला, त्यात हाताने पट्ट्या दाबायच्या आणि तबकडी फिरवायची. आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीने ताल हातातून काढून पायात घातला: 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. पुढे २००१ च्या सुमारास 'स्टेपमेनिया' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं आणि ज्यांच्याकडे चटई नव्हती ते कीबोर्डवर खेळू लागले. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने आपल्या ७६५ सरकारी शाळांत हा खेळ व्यायाम म्हणून आणायची योजना जाहीर केली. हे वाचलं आणि मला आपलं लेझीम आठवलं. त्याच्याकडे नंतर येतो.

कीबोर्ड तालासाठी जन्मलाच नाही. शोल्सचं पेटंट १८६८ चं, रेमिंग्टनने मशीन विकायला काढलं १८७४ मध्ये. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बनवला. मी बी.ए.च्या वर्षांत धुळ्याला टायपिंगच्या क्लासला जायचो. दोन कळा एकदम दाबल्या की दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि मग बोटं काळी करत त्या सोडवत बसायचं. एका वेळी एकच अक्षर, हा त्या यंत्राचा धर्म. चाळीस शब्दांची परीक्षा म्हणजे शब्दाला पाच ठोके धरून मिनिटाला २००, सेकंदाला तीनच्या थोडे वर. आता नातवाचा हिशोब बघा. मिनिटाला १५० ठेक्यांचं गाणं, दर ठेक्यात चार बाण, म्हणजे सेकंदाला दहा! आणि वर दोन-दोन, तीन-तीन बाण एकदम.

इथे गंमत अशी की कीबोर्डमधल्या दांड्या गेल्या पण अडचण पुरती गेली नाही. साध्या, स्वस्त कीबोर्डच्या आत उभ्या-आडव्या तारांची जाळी असते. त्यातल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांच्या कळा एकदम दाबल्या की यंत्राला चौथीही दाबल्यासारखी वाटते. हा घोटाळा टाळण्यासाठी ते काही जोड्यांतली तिसरी कळ मोजतच नाही. मुलगा म्हणतो मी दाबली, खेळ म्हणतो नाही दाबली. (परीक्षेत असा वाद झाला असता तर आम्ही मुलालाच खोटं ठरवलं असतं.)

पण बोटाचं एक सुख आहे. ते कळेवर आधीच ठेवलेलं असतं. तीन-चार मिलिमीटर खाली गेलं की काम झालं. शिवाय चार बाणांना चार बोटं, एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही.

पायाचं तसं नाही. उजवा पाय उचलायचा तर अंगाचा भार आधी डाव्यावर गेला पाहिजे. मग उचलायचा, न्यायचा, टेकवायचा. ताल ऐकून निघालेला पाय तालावर पोचूच शकत नाही, तो आधी निघावा लागतो. आणि दोनच पाय. एकाच पायाने लागोपाठ दोन बाण घेतले की पुढच्या बाणाला भार चुकीच्या पायावर असतो आणि मग गाणं संपेपर्यंत नुसती धावपळ. कीबोर्डसाठी रचलेल्या गाण्यात तीन-चार बाण एकदम येतात, ते चटईवर घ्यायला हात जमिनीला टेकावा लागेल.

सून पुण्याला कथक शिकलेली आहे. तिने ऐकलं आणि हसली. म्हणाली, हे तर आमच्या तत्कारातच आहे. 'ता थेई थेई तत' उजव्या पायाने सुरू, उजवा-डावा-उजवा-डावा. पुढचं 'आ थेई थेई तत' डाव्याने सुरू. म्हणजे चौथा आणि पाचवा ठोका लागोपाठ डाव्या पायाचा. नवी मुलगी नेमकी तिथे अडखळते. तबल्याच्या मुलाला तो बोल सरळ वाटतो, कारण त्याला भार बदलायचा नसतो.

तिचं बोलणं ऐकलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये लेझीम झालं होतं आणि त्यानंतर शाळाशाळांतून लेझमाचा उत्साह होता. १९८३ च्या २६ जानेवारीसाठी मी आमच्या शाळेचं पथक बसवत होतो. सातवीतला एक मुलगा होता, पश्चिम भागातल्या एका पाड्यावरचा. मधल्या सुट्टीत बाकावर बोटांनी अशी हलगी वाजवायचा की पोरं गोळा व्हायची. त्याला मी हौसेने पहिल्या रांगेत घेतला. मैदानावर मात्र त्याची बैठक आणि छणछण कायम अर्धा ठेका मागे. दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हात धरून रांगेबाहेर काढला आणि म्हणालो, "तुला बोटांनी बरोबर येतं म्हणजे कळतंय सगळं. तुझं मनच नाही यात." २६ तारखेला तो भिंतीशी बसून इतर मुलांच्या चपला सांभाळत होता.

मी त्याला काय शिकवलं होतं? 'हलगी ऐक आणि पाय टाक.' तो तेच करत होता, अगदी आज्ञाधारकपणे. ऐकत होता आणि मग निघत होता. बाकावर बोटाला जायला जागाच नव्हती म्हणून उशीर दिसत नव्हता. पाय ठोक्याच्या आधी उचलायचा असतो, हे मी एकाही मुलाला सांगितलं नाही. बाकीच्यांना आपोआप जमलं, त्याचं श्रेय मी घेतलं.

त्याच्या पाड्यावर मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीच्या सुरावर गोल धरून नाचतात. त्याचे वडील पावरी वाजवत. त्या गोलात तो लहानपणापासून नाचलेला. तिथे शेजाऱ्याचं अंग हललं की आपलं हलतं, भार कधी बदलायचा हे खांद्याला कळतं. लेझमात दोन्ही हात लेझमात आणि प्रत्येक जण सुटा. जपानी यंत्रामागेही एक दांडा असतो, तो धरून तरबेज मुलं भार पेलतात असं नातवाने दाखवलं. मग मीही खुर्चीची पाठ धरून चटईवर उभा राहिलो. बाण निम्म्याच्या वर गेले.

एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्याचा फोन नंबर मिळालाय. बरीच वर्षं सुरत रस्त्यावर ट्रक चालवला म्हणे, आता शेती बघतो. दोनदा नंबर काढला, लावला नाही. काय बोलायचं ते ठरत नाहीये. नातू परवा पुण्याला गेला, चटई इथेच ठेवून गेलाय.