शिधापत्रिकेचा रंग आणि रोग्याचा हक्क

1906 सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले. धुळें पश्चिमेस गेलें, जळगांव पूर्वेस. या सीमेचा अर्थ शतकानंतर मेहरूणसारख्या वस्तीस नव्यानें कळावयाचा होता. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळें होतें, जळगांव नव्हतें. धुळ्याच्या गरीब कुटुंबास वर्षास दीड लाख रुपयांपर्यंतचे ठराविक उपचार विनामूल्य मिळूं लागले. जळगांवास 21 नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावें लागलें.

जिल्ह्याची सीमा पुसली, तरी शिधापत्रिकेची उरली. पिवळी पत्रिका आंत, पांढरी बाहेर. वस्तुतः पैशाअभावीं कोणीहि उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व भोर समितीनें 1946 सालींच मांडलें होतें. पत्रिकेचा रंग न पाहतां सर्वांस योजना खुली करण्याचा आणि मर्यादा पांच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्यानें 2023 सालीं घेतला. मध्यें 77 वर्षें गेलीं.

तथापि हें संरक्षण मुख्यतः रुग्णालयांतील खाटेपुरतें आहे. मधुमेह्याच्या रोजच्या गोळीचा खर्च त्यांत येत नाहीं. आणि बहुतेक घरांचें आजारपण खाटेपेक्षां गोळीवरच अधिक चालतें.