जमीन, फरशी आणि घासणारे हात

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही फरशी घासायच्या यंत्रांकडे कसे वळलात? वळलो नाही. माणूस ज्यावर उभा राहतो ते कोण स्वच्छ करतं, या प्रश्नाला मी तत्त्वज्ञानाच्या बाहेरचा मानत नाही. आणि उजनीच्या काठावर बसून बोलायचं, तर सुरुवात यंत्रापासून करताच येत नाही. ती जमिनीपासून करावी लागते.

मराठीत 'जमीन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सातबाऱ्यावरची, आणि दुसरी घरातली, जी सारवायची. 'जमीन सारवून घे' असं म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे शेत येत नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, यशवंतसागर भरला, आणि भीमाकाठच्या गावांच्या या दोन्ही जमिनी पाण्याखाली गेल्या. वासे, दारं, चौकटी उतरवून नव्या गावठाणात नेता येतात. घरातली जमीन नेता येत नाही. पहिल्या जमिनीचं काय झालं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मोर्चे निघालेत, कज्जे चाललेत. दुसरीबद्दल कुणी लिहिलेलं नाही. कारण ती बायकांची होती.

ही जमीन तयार कशी व्हायची बघा. मुरूम पसरायचा, वर माती, पाणी मारायचं आणि धुमसानं चोपायची. वाळली की शेणकाला. मग दर आठवड्याला, सणाला, सोयरसुतक फिटल्यावर सारवण. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी यंत्रं त्यावरून समजतात. सारवण म्हणजे घाण काढून टाकणं नव्हे. सारवण म्हणजे वर एक नवा थर देणं. झाडणं म्हणजे धूळ इथली तिथे सरकवणं. पुसणं म्हणजे ती ओल्या फडक्यात पकडणं. आणि घासणं म्हणजे चिकटलेलं सुटं करणं. ही चार क्रियापदं वेगवेगळी आहेत, आणि बाजारात जी यंत्रं मिळतात ती यांतल्याच एकेका क्रियापदाची, फार तर दोन-तीन क्रियापदं एकत्र जोडलेली आहेत.

पुनर्वसनाच्या घरांत मातीची जमीन हळूहळू गेली आणि शहाबादी फरशी आली. शहाबाद आपल्याला लांब नाही. पुणे-सोलापूरवरून रायचूरला जाणारा जो रेल्वेमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला, त्याच मार्गावर ते आहे. कुर्डुवाडी-जेऊरही त्याच मार्गावर. आणि गंमत अशी, की भूशास्त्रज्ञ त्या शहाबादी चुनखडकाला ज्या खडकसमूहात धरतात त्याचं नाव 'भीमा' आहे. आपलीच नदी. म्हणजे भीमेनं घरातली जमीन बुडवली, आणि तिच्याच खालच्या खोऱ्यातला दगड येऊन घरात बसला.

पण दगड बदलला की सफाईही बदलते. शहाबादी हा चुनखडक. बाथरूमच्या ॲसिडचा एक थेंब त्यावर टाका, फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघाल्याचा नव्हे, दगड विरघळल्याचा. कोटा, कडप्पा, संगमरवर, या सगळ्यांना हेच लागू. ग्रॅनाइटला किंवा व्हिट्रिफाइड टाइलला ॲसिडचा तसा त्रास होत नाही, मात्र टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातंच. मी गावोगावच्या मंगल कार्यालयांत चकाकी गेलेल्या, खरबरीत झालेल्या फरश्या पाहतो. त्या पायांनी झिजलेल्या नसतात, ॲसिडनं झिजलेल्या असतात. आणि खरबरीत झाली की ती आणखी मळ धरते, मग आणखी ॲसिड.

आता यंत्राकडे येऊ. १९०१ मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथनं धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारं यंत्र केलं. ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. ओढून घेणं ही एक वाट झाली. घासण्याची दुसरी. तिच्यातली मला आवडणारी हकीकत अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. एका शाळेत सफाईचं काम करणाऱ्या माणसानं कॉफीच्या डब्याला तारेची लोकर गुंडाळली आणि तो मोटरवर फिरवून लाकडी जमीन घासली. टेनंट नावाची कंपनी तेव्हा लाकूडकामात होती. तिनं ही कल्पना उचलली, आणि आज ती जगातल्या मोठ्या सफाई-यंत्र कंपन्यांपैकी एक आहे. हे मी मुद्दाम सांगतो. ज्याची पाठ दुखत होती त्यानंच यंत्र काढलं. आपल्याकडे ज्याची पाठ दुखत होती त्याच्या हातात मोटर कधी आली नाही, आणि ज्याच्या हातात मोटर होती त्याची पाठ कधी दुखली नाही. आपल्याकडे असं यंत्र का निघालं नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात शोधू नका.

आज जे साधं यंत्र आपण दवाखान्यात, कार्यालयात पाहतो ते सिंगल डिस्क. खाली एकच गोल तबकडी, बहुधा १७ इंची, मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे. तिच्याखाली ब्रश किंवा पॅड लावायचा. हे यंत्र ढकलायचं नसतं. दांडा किंचित वर केला की ते एका बाजूला सरकतं, खाली केला की दुसऱ्या. नवखा माणूस जोर लावतो आणि यंत्र त्याला भिंतीवर नेऊन आदळतं. सरावलेला माणूस अर्धगोल घेत, एकावर एक पट्टा चढवत मागे सरकतो. सारवणारी बाई अगदी असंच करते, अर्धगोल घेत, मागे सरकत, म्हणजे स्वतःच्या कामावर स्वतःचा पाय पडत नाही. फरक एवढाच, की ती उकिडवी बसलेली आणि हा उभा. हा फरक लहान समजू नका. या देशात सफाई करणाऱ्याला ताठ उभं राहायला मिळणं ही घटना आहे.

पॅडच्या रंगांना अर्थ असतो, तेवढा सांगतो. काळा सगळ्यात खरखरीत, जुनं पॉलिश खरवडून काढायला. हिरवा-निळा घासायला. लाल रोजच्या हलक्या सफाईला, पांढरा चमक आणायला. शहाबादीवर किंवा जुन्या मोझाइकवर काळा पॅड फिरवला की काम बिघडलंच म्हणून समजा. मोझाइकवरून आठवलं, मुंबईत भारत टाइल्स १९२२ साली स्वदेशीच्या लाटेत सुरू झाली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या आपली हायस्कुलं, बँका, सरकारी कचेऱ्या मोझाइकवरच वाढल्या. मोझाइक बसवल्यावर ते दगडाच्या चकत्या लावलेल्या पॉलिश मशीननं पाणी मारून घासतात. आपल्या भागातल्या बहुतेकांनी फरशीवर फिरणारं पहिलं यंत्र पाहिलं असेल ते हेच, आणि ते सफाईचं नव्हे, बांधकामाचं.

तर सिंगल डिस्क मळ सुटा करते, पण तो उचलत नाही. मागून वायपर आणि बादली लागतेच. ही उणीव स्क्रबर ड्रायरनं भरून काढली. यात दोन टाक्या. एकीत स्वच्छ पाणी, ते ब्रशवर थेंबथेंब येतं. मागे जमिनीला टेकलेली रबराची वाकडी पट्टी, आणि तिच्यामागे ओढ. म्हणजे ते बूथचं यंत्र इथे येऊन जोडलं गेलं. मळकं पाणी दुसऱ्या टाकीत जातं आणि फरशी मागोमाग कोरडी होते. माणूस मागून चालतो ते मध्यम यंत्र, त्याची टाकी चाळीस-पन्नास लिटरची. मोठ्या गोदामात, कारखान्यात माणूस वर बसून चालवतो ते राइड-ऑन. खडबडीत, खाचांच्या जमिनीला लाटण्यासारखे आडवे फिरणारे ब्रश चांगले, ते बारीक खडाही उचलतात; सपाट टाइलला गोल तबकडी पुरते. आणि बर्निशर म्हणून एक प्रकार आहे, मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांचा. तो घासत नाही, चढवलेल्या पॉलिशचा थर चमकवतो. थर देणं! शेवटी माणूस फिरून सारवणापाशीच आला.

उजनीकाठी या यंत्राकडे पाण्याच्या बाजूनंही पाहिलं पाहिजे. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. उन्हाळ्यात आपण म्हणतो, धरण मायनसमध्ये गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात असंच खाली गेलं आणि पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडलं, लोक त्याच्या दगडी जमिनीवर चपला काढून उभे राहिले. सोलापूर शहराला याच धरणाचं पाणी जातं, आणि तिथे नळाला रोज पाणी येत नाही. अशा मुलखात नळीनं पाणी सोडून, खराट्यानं ढकलत फरशी धुणं ही चैन आहे. एकेका थेंबाचा हिशेब ठेवणारं यंत्र इथे शोभतं. शिवाय मळकी टाकी ओतताना किती घाण होती ते डोळ्यांना दिसतं. बादली-पोछ्यात ती दिसत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते.

आता या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. भीमा इथून खाली पंढरपूरला जाते. तिथल्या मंदिराची जमीन झाडणं-धुणं ही सेवा मानली गेली, आणि त्याच जमिनीवर पाय ठेवायला दलितांना बंदी होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा ती उठली. गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरले, आणि १९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. झाडणाऱ्या माणसाला शेवटी शाळेची जमीन हवी होती, हे त्यांनी ओळखलं होतं. हॅना आरेन्ट या विचारवंत बाईंनी १९५८ च्या ग्रंथात श्रम आणि निर्मिती यांत भेद केला. श्रम मागे काही ठेवत नाही, तो रोज पुन्हा करावा लागतो. फरशी घासणं हा त्याचा नमुनाच. पण त्यांच्यापुढे जात नव्हती. आपल्याकडे श्रम मागे एक गोष्ट ठेवतो, करणाऱ्याच्या अंगावरचा शिक्का.

यंत्रानं तो पुसला का? अंशतः. खेड्यापाड्यांतली मुलं-मुली आज गणवेश घालून रुग्णालयांत, विमानतळांवर ही यंत्रं चालवतात, आणि त्यांना हाउसकीपिंग म्हणतात. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंत गायकवाड यांनी १९९७ मध्ये पुण्यात टेल्कोच्या कामापासून भारत विकास ग्रुप सुरू केला, आणि तो संसद भवनाच्या यांत्रिक सफाईपर्यंत पोहोचला. ही साधी गोष्ट नव्हे.

पण त्याच काळात दुसरंही घडत होतं. केंद्र सरकारनं ९ डिसेंबर १९७६ ला अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, सफाई, धूळ पुसणं या कामांना कंत्राटी कामगार लावायला मनाई केली होती. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की मनाई असेल तर त्या सफाई कामगारांना कायम करा. आणि ३० ऑगस्ट २००१ ला, स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला, १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. यंत्र आणि कंत्राट आपल्याकडे साधारण एकाच दशकात पसरले. त्यामुळे आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. ती नाही. यंत्र पाठ ताठ करतं. कंत्राट दर वर्षी ती पाठ बदलतं. यंत्र शिकायला महिना लागतो, कोणत्या फरशीला कोणता पॅड हे कळायला वर्ष, आणि तेवढ्यात कंत्राट संपतं. फरशीवर ॲसिड ओतलं जातं ते बहुधा यामुळे; ज्याला दगड ओळखता येत होता तो निघून गेलेला असतो.

राहता राहिले कोपरे. गोल तबकडीला काटकोनी कोपरा घासता येत नाही. अलीकडे चौकोनी पॅड थरथरवणारी यंत्रं आली आहेत, ती कोपऱ्यात जातात. पायऱ्या मात्र या मोठ्या यंत्रांना अजून जमत नाहीत, आणि मळकी टाकी आतून हातानंच धुवावी लागते. ती धुणारी बाई बहुतेक ठिकाणी यंत्र चालवणाऱ्यापेक्षा कमी पगारावर असते, असं मला दिसलेलं आहे. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात काय आहे ते मला ऐकायचंय. माइक मागे द्या.