किक्किसविचार : गर्भिणीच्या उदरावरील रेषा आणि वऱ्हाडातील वैद्यकपरंपरा

गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्रीच्या पोटावर, स्तनांवर व मांड्यांवर ज्या तांबूस रेषा उमटतात व पुढे पांढुरक्या होऊन राहतात, त्यांचा इतिहास हा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु शास्त्रकारांनी स्त्रियांचे म्हणणे कसे ऐकले, आणि त्यातील काय स्वीकारून काय टाकले, हे पाहण्यास याहून चांगले स्थळ क्वचितच सापडेल. प्रस्तुत टिपणात त्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे.

आयुर्वेदात या विकारास ‘किक्किस’ अशी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, सातव्या महिन्याच्या परिचर्येत, त्याचे विवेचन येते. गर्भाला केस फुटू लागतात म्हणून आईला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात, ही नोंद ग्रंथकार आरंभीच करतो. आणि आत्रेयांच्या नावाने तिचे लगेच खंडन करतो. वाढत्या गर्भाच्या दाबामुळे वातादी दोष वर उरापर्यंत जाऊन दाह करतात, दाहातून कंड सुटते आणि कंडेतून किक्किस उत्पन्न होते, ही त्याची उपपत्ती होय. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्ताने किक्किसाचा अर्थ चर्म विदीर्ण होणे असा दिला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हाच विचार संक्षेपाने आला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रियांनी सांगितलेले कारण शास्त्राने नाकारले, पण त्यांनी सांगितलेले लक्षण नाकारले नाही. जळजळ आधी, कंड नंतर, आणि हे सारे सातव्या महिन्याच्या सुमारास, हा क्रम भोगणाऱ्या स्त्रीवाचून कोणास कळणार? ग्रंथकाराची उपपत्ती ज्या सामग्रीवर उभी आहे, ती त्या अनामिक स्त्रियांचीच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वसीमेवरून वाहणारी वर्धा नदी म्हणजेच जुन्या ग्रंथांतील वरदा. तिच्या तीरावरील सार्थ या गावी तेराव्या शतकात केशव नावाचा वैद्य राहत होता. ‘सिद्धमंत्र’ हा त्याचा ग्रंथ द्रव्यांचे वर्गीकरण वात, पित्त व कफ यांवरील परिणामानुसार करतो. त्याचा पुत्र बोपदेव याने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. ‘शतश्लोकी’ हा बोपदेवाचा ग्रंथही वैद्यकाचाच. बोपदेवाचा आश्रयदाता हेमाद्री हा यादव राजे महादेव (१२६१ ते १२७१) व रामचंद्र यांचा मंत्री होता. त्याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका रचली. यावरून वाग्भटाची गर्भिणीपरिचर्या वरदातीरीच्या वैद्यवर्गास परिचित असावी, असे अनुमान करता येते. ती घराघरांतून कितपत आचरली जात होती, हा प्रश्न मात्र निराळा. संस्कृत पोथी वैद्याच्या हाती होती. गर्भिणी होती आईच्या, सासूच्या आणि सुइणीच्या हाती. सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरणीला माहेरी आणण्याची आपली रीत पाहिली, म्हणजे चरकाने ज्या महिन्यात ही परिचर्या सांगितली, नेमक्या त्याच काळात मुलगी आईच्या देखरेखीखाली येते, हे लक्षात येईल.

चरकाने सांगितलेल्या उपचारांतील पुष्कळशी द्रव्ये या प्रदेशास परकी नाहीत. बोर, कडुनिंब, तुळस व हळद ही गावोगावची. धायटी व कुडा ही मेळघाटच्या रानातली. यांपैकी काहींचे लेप, चंदनाची उटी, जाई व ज्येष्ठमध यांच्या पाण्याचे सिंचन आणि कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेले तेल असे उपाय त्याने दिले आहेत. कण्हेर विषारी आहे, तेव्हा ही यादी इतिहास म्हणून वाचावयाची आहे, घरगुती प्रयोगासाठी नव्हे.

परंतु या सर्व यादीहून महत्त्वाचे वाक्य दुसरेच आहे. कंड सुटली तरी खाजवू नये, कारण त्याने त्वचा फुटते व वैरूप्य येते, असे चरक बजावतो. असह्य झाल्यास चोळावे, एवढीच मुभा देतो. रूपाची चिंता शास्त्राला वर्ज्य नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. शिवाय विकृतीच्या प्रतिबंधाचा हेतू त्याने शब्दांत सांगितला तो या निषेधाच्या ठिकाणी. तेलाने रेषा टळतात, असे त्याने तेथे म्हटलेले नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्याने मात्र कच्च्या ऑलिव्हच्या तेलाचे व मर्टलच्या तेलाचे मलम पोटास लावण्यास सांगितले. त्याने त्वचा घट्ट होऊन फुटत नाही, अशी त्याची समजूत होती. आजच्या मलमांच्या जाहिराती त्याच समजुतीच्या वारस आहेत. २०१२ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत ८०० स्त्रियांवरील सहा चाचण्या तपासण्यात आल्या. लेप लावणाऱ्या व न लावणाऱ्या स्त्रियांत रेषा उमटण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. आनुवंशिकता, लहान वय व वजनातील वाढ यांचा संबंध अधिक दिसतो. तेलाने कोरडेपणा व कंड कमी होऊ शकते, आणि तेवढे श्रेय त्यास द्यावयास हवे.

आज अमरावतीचे ‘डफरीन’ व अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्री रुग्णालयांत वऱ्हाडातील असंख्य बाळंतपणे होतात. तेथे येणारी गर्भिणी कंडेची तक्रार सांगते, तेव्हा ती ऐकून घेणे अगत्याचे आहे. विशेषतः तळहात व तळपाय यांना रात्री सुटणारी तीव्र कंड यकृताच्या विकाराचे चिन्ह असू शकते व तिची तपासणी अवश्य व्हावी लागते. आत्रेयांनी स्त्रियांच्या स्पष्टीकरणाशी मतभेद दर्शविला. पण प्रथम त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले. किक्किसाच्या इतिहासातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध हाच होय.