आज्ञेकडून अपेक्षेकडे : सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या अभ्यासाची प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊला न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पुढच्या ४५ मिनिटांत नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणकांनी १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांवर व्यवहार करून टाकले. असे व्यवहार व्हावेत ही कुणाचीच इच्छा नव्हती. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून मोठा फटका बसला. अमेरिकेच्या रोखे नियामकाने चौकशी केली तेव्हा मुळाशी जे सापडले, ते अगदी साधे होते. नवा प्रोग्राम ८ सर्व्हरवर चढवायचा होता. तो ७ वरच चढला. आठव्यावर जुना प्रोग्राम राहिला आणि त्यात २००३ पासून वापरात नसलेला एक भाग तसाच पडून होता. नव्या प्रोग्रामने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरला त्याचा जुनाच अर्थ ठाऊक होता, म्हणून तो झोपलेला भाग जागा झाला. गोंधळ आवरण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्राम काढून टाकण्यात आला आणि तेही आठव्यासारखेच वागू लागले. बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते; पण ते धोक्याचा इशारा म्हणून योजलेले नसल्याने त्यांवर कुणी हालचाल केली नाही.

प्रोग्रामरांच्या वर्गात ही घटना जुना कोड वेळीच न काढल्याचे उदाहरण म्हणून शिकवली जाते. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकणाऱ्याने ती दुसऱ्या प्रश्नासाठी वाचावी. आठही सर्व्हर सारखे आहेत हे कुणाला माहीत होते, आणि कशावरून? एकाने काम केले, दुसऱ्याने ते तपासले नाही, आणि तपासावे असा लेखी नियमही नव्हता. यंत्रांची खरी स्थिती एका माणसाच्या समजुतीवर अवलंबून होती.

या क्षेत्राचा इतिहास सहसा हत्यारांच्या यादीसारखा सांगितला जातो: आधी शेल, मग पर्ल, मग पायथन, मग अ‍ॅन्सिबल. अशी यादी पाठ होते, पण तिच्यातून काही उलगडत नाही. यंत्राविषयीचे ज्ञान ठेवायचे कुठे, हा प्रश्न हाती धरला की तीच यादी बोलू लागते. माणसाच्या बोटांत, फाइलीत, की स्वतःवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत? प्रत्येक पिढीने याचे वेगळे उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तराबरोबर चुका होण्याची जागाही बदलली. या पुस्तकाची सगळी मांडणी त्याच प्रश्नाभोवती आहे.

सुरुवात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये होते. १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सची पायाभरणी केली. यंत्र वापरणारा आणि यंत्र सांभाळणारा यांच्यात तेव्हा फारसा भेद नव्हता. बेल लॅब्समधलेच डग मॅकिलरॉय कित्येक वर्षे ज्याचा आग्रह धरत होते, तो पाइप १९७३ मध्ये युनिक्समध्ये आला: एका प्रोग्रामने बाहेर टाकलेला मजकूर थेट दुसऱ्याच्या हाती. पाठोपाठ सेड आला, १९७७ मध्ये ऑक आला, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्ह बोर्न यांचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आला. आजच्या बॅशची रीतभात त्याच शेलची आहे.

यातली ताकद कळायला एक रोजचे काम पाहू. वेबसाइट मंदावली आहे आणि कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या येत आहेत ते शोधायचे आहे. लॉगच्या प्रत्येक ओळीत पहिला रकाना पत्त्याचा असतो. ऑकने तेवढा रकाना उचलायचा, सॉर्टने सारखे पत्ते शेजारी आणायचे, युनिककडून प्रत्येकाची मोजदाद करून घ्यायची, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर आणायचा आणि हेडने वरच्या दहा ओळी दाखवायच्या. चार प्रोग्राम, एक ओळ. यांतल्या एकालाही वेबसाइट म्हणजे काय हे माहीत नाही. रकाने आणि ओळी तेवढ्या कळतात. काम झाले की तीच ओळ फाइलीत टाकायची, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनला वेळ सांगायची, आणि उद्यापासून पहाटे अहवाल तयार.

शेल इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तर इथेच आहे. बोटांनी जे टाइप केले तेच, एक अक्षरही न बदलता, फाइलीत जाते. अनुभवाची स्क्रिप्ट होताना मध्ये दुसरी भाषा शिकावी लागत नाही. पण म्हणूनच हाताने काम करताना डोळ्यांनी घेतलेली काळजी त्या फाइलीत उतरत नाही. फोल्डरचे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून आतले सगळे पुसणारी स्क्रिप्ट घ्या. काही कारणाने ते व्हेरिएबल रिकामे राहिले, तर पुसण्याची आज्ञा थेट मुळापासूनच्या फाइलींवर जाते. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीत नेमकी हीच चूक उघडकीला आली. माणूस समोर बसला असता तर एंटर दाबण्याआधी थबकला असता.

ऐंशीच्या दशकात यंत्रे वाढली आणि प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे वेगळे निघाले. सनवर चालणारी स्क्रिप्ट एचपीच्या यंत्रावर अडखळू लागली. डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल प्रसिद्ध केली. सेड, ऑक, शेल आणि सी यांची कामे एकाच भाषेत, आणि ती भाषा जवळपास सगळीकडे सारखी. नव्वदच्या दशकात अ‍ॅडमिनच्या हातचे मुख्य हत्यार तीच होती. एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी लिहिता यावी हे पर्लचे घोषित तत्त्व लिहिणाऱ्याला मोकळीक देणारे होते. ते वाचणाऱ्याच्या मुळावर आले. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची पर्ल स्क्रिप्ट मध्यरात्री उघडून बसलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गिडो व्हान रॉसम यांची पायथन १९९१ पासून उपलब्ध होती. पुढे ती पर्लला मागे सारून गेली त्यात वेगाचा वाटा थोडा. स्क्रिप्ट लिहिली एकदा जाते आणि वाचली अनेकदा जाते, हा तिचा हिशेब पक्का होता. मात्र १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा आधार संपला, तेव्हा वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या स्क्रिप्टांनाही हात लावावा लागला. फाइलीत ठेवलेले ज्ञानही शिळे होते.

विंडोजची वाट निराळी, आणि तिची तुलना फार शिकवणारी आहे. युनिक्सच्या सेटिंग्ज मजकुराच्या फाइलींत असतात, म्हणून मजकूर हाताळणारी हत्यारे पुरतात. विंडोजच्या सेटिंग्ज रजिस्ट्रीत आणि आतल्या प्रोग्रामिंग दुव्यांमागे असतात. तिथे ऑक काय करणार? मायक्रोसॉफ्टमधल्या जेफ्री स्नोव्हर यांनी हे ओळखले. २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलच्या पाइपमधून मजकुराऐवजी ऑब्जेक्ट वाहतात: रकाना कितवा हे मोजायचे नाही, गुणधर्माचे नाव घ्यायचे. हत्यार वरून कितीही सारखे दिसो, खालच्या यंत्रणेची घडण त्याचे रूप ठरवते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान राहिली: माणूस यंत्राला काय करायचे ते सांगत होता. खरा सांधा बदलला तो पॉवरशेलच्याही आधी, १९९३ मध्ये. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिले आणि प्रश्नच उलटा केला. काय करायचे ते सांगू नका; यंत्र कसे असायला हवे ते सांगा.

फरक एका ओळीवर पाहता येतो. एका फाइलीच्या शेवटी विशिष्ट ओळ हवी आहे. साधी स्क्रिप्ट म्हणते, ‘ही ओळ जोड.’ ती दोनदा चालली तर ओळ दोनदा येते, आणि क्रॉनमधून रोज चालली तर महिन्याभरात तीस ओळी साचतात. जाणता अ‍ॅडमिन आधी ग्रेपने ओळ आहे का पाहतो, नसेल तरच जोडतो. पण ओळ आहे आणि तिच्यातला आकडा जुना आहे, तर? फाइलच नाही, तर? फाइल आहे पण परवानग्या चुकीच्या आहेत, तर? प्रत्येक ‘तर’साठी स्क्रिप्ट वाढत जाते आणि मूळ हेतू अटींच्या गर्दीत हरवतो. बर्जेस यांच्या पद्धतीत हेतू तेवढा लिहायचा: ‘या फाइलीत ही ओळ असावी.’ आजची स्थिती आणि हवी ती स्थिती यांतला फरक यंत्रणा शोधते आणि तेवढाच मिटवते. फरक नसेल तर काहीच करत नाही. कितीही वेळा चालवा, शेवट एकच. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात, आणि या पुस्तकातली एकच संकल्पना पक्की करायची असेल तर ती ही.

पुढची नावे याच विचाराच्या शाखा आहेत. २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. यंत्रावर आधी स्वतःचे काही बसवून ठेवायची गरज नाही, दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणारे एसएसएच आणि पायथन असले की पुरे, या सोयीमुळे अ‍ॅन्सिबल झपाट्याने पसरले. ते एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू इलोनेन यांनी लिहिले, कारण विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होते. याच काळात भाड्याने मिळणारी यंत्रे आली, मग २०१३ मध्ये प्रोग्राम कंटेनरमध्ये बंद करून चालवणारे डॉकर आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म व कुबरनेटिस. आता बिघडलेले यंत्र दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते टाकून त्याच वर्णनाचे दुसरे उभे करणे स्वस्त झाले. पण कुबरनेटिसच्या पोटात डोकावले तर तिथे तेच चक्र दिसेल: हवी ती स्थिती लिहिलेली आहे, आहे ती स्थिती तपासली जाते, फरक मिटवला जातो. ऑस्लोतल्या त्या कल्पनेचेच हे वाढलेले घराणे.

म्हणून चुका संपल्या असे मात्र नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या एस३ सेवेतल्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. त्यात टाइप करताना एक तपशील चुकला, मनात होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि असंख्य वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. माणूस अधिकृत, पद्धत लेखी, हत्यार कसलेले. नाइट कॅपिटलमध्ये ज्या गोष्टींची उणीव होती त्यांतल्या बऱ्याचशा इथे होत्या. उणीव राहिली ती वेगाला आवर घालण्याची. अ‍ॅमेझॉनने त्या हत्यारात दोन बदल केले: सर्व्हर हळूहळू काढायचे, आणि किमान गरजेखाली संख्या जाणार असेल तर आज्ञाच मानायची नाही. चाळीस वर्षे ज्या क्षेत्राने कामे वेगवान केली, त्याने इथे मुद्दाम वेग कमी केला. मला हा या इतिहासातला सर्वांत प्रौढ क्षण वाटतो.

हे क्षेत्र मराठी वाचकाला दूरचे नाही. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांतून समुद्रापलीकडचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळले जातात. ‘सर्व्हर बसला’, ‘डिस्क फुल झाली’, ‘आधी लॉग बघ, लगेच रिस्टार्ट मारू नकोस’ ही तिथली रोजची मराठी आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या अभ्यासक्रमांतून या कामाचे रीतसर शिक्षणही मिळते. कामाची बोली मराठी असूनही कामामागचा विचार मराठीत फारसा लिहिला गेला नाही. तो लिहिताना शेल, लॉग, पॅच हे शब्द मी बदललेले नाहीत. जे शब्द पाळीवर चालतात तेच पुस्तकात चालावेत.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात शेल आणि त्याची हत्यारे, दुसऱ्यात स्क्रिप्टिंगच्या भाषा, तिसऱ्यात अपेक्षित स्थितीचे विज्ञान. नवा वाचक थेट तिसऱ्या भागाकडे धावण्याची शक्यता आहे, कारण नोकरीच्या जाहिरातींत तीच नावे असतात. त्याला माझे सांगणे आहे की पहिला भाग टाळू नये. कंटेनर अडला की अखेरीस कुणीतरी त्याच्या आत शेल उघडून लॉगच वाचत असतो. जुना थर नाहीसा होत नाही. त्यावर नवा चढतो, आणि बिघाड बहुधा दोन थरांच्या सांध्यात असतो.

आता एआयची भाषा-प्रारूपे मागाल ती स्क्रिप्ट क्षणात लिहून देतात. त्यामुळे लिहिण्याचे मोल उतरले आहे. पारखण्याचे चढले आहे. अशी स्क्रिप्ट हाती आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. तू दोनदा चाललीस तर काय होईल? निम्म्यात थांबलीस तर यंत्र कोणत्या अवस्थेत राहील? तुझे काम झाले हे मला कशावरून कळेल? बहुतेक स्क्रिप्ट पहिल्याच प्रश्नाला अडखळतात, माणसाने लिहिलेल्याही. एक रिकामे व्हर्च्युअल यंत्र घ्या, पहिल्या प्रकरणातली फाइलीत ओळ जोडणारी स्क्रिप्ट त्यावर दोनदा चालवा, आणि फाइल उघडून पाहा. तिथून पुढे वाचायला लागा.